काटकोन नसलेला त्रिकोण: आधी तीन मापे बघा, मग सूत्र

प्रश्न असा आला आहे: "आमच्या शेताचा एक तुकडा तिकोनी आहे. एका कोपऱ्यातून निघणारे दोन बांध मोजले, एक ८५ मीटर भरला आणि दुसरा ६२ मीटर. तिसरी बाजू ओढ्याकाठच्या बाभळींतून जाते, तिथे टेप ताणता येत नाही. कोपरा काटकोनी नाही, चांगलाच फाकलेला आहे. दहावीला साइन-कोसाइन शिकलो, पण ते सगळे काटकोन त्रिकोणात. इथे ते चालते का? बारावीच्या पुस्तकात साइनचा नियम, कोसाइनचा नियम, हेरॉन, नेपिअर अशी बरीच सूत्रे आहेत. कुठे काय लावायचे?"

चालते, आणि फार चांगले चालते. मी जमीन मोजणीच्या कामात वर्षानुवर्षे आहे. शेतात काटकोन आपण स्वतः आखला तरच भेटतो. बांध, ओढे, रस्ते कुणी गुण्या लावून काढलेले नसतात. त्यामुळे काटकोन नसलेला त्रिकोण हीच आमची रोजची गोष्ट. त्यासाठी नवे गणित लागत नाही. दहावीला जे शिकलात तेच एक लंब टाकून वापरायचे असते.

सूत्रांकडे वळण्याआधी एक बघा. तुम्ही दोन बाजू दिल्या आहेत, आणि दोन बाजूंनी त्रिकोण ठरत नाही. कोपऱ्यात बिजागरी आहे असे समजा. ८५ आणि ६२ मीटरच्या दोन काठ्या त्या बिजागरीवर कितीही उघडता येतात, आणि प्रत्येक वेळी तिसरी बाजू वेगळी, क्षेत्र वेगळे. त्रिकोणाला तीन मापे लागतात आणि त्यांतले किमान एक लांबीचे लागते. तीन कोन दिले तर आकार कळतो, आकारमान कळत नाही. तेव्हा तुमचे तिसरे माप हवे, आणि सगळ्यांत हाताशी असलेले माप म्हणजे त्या दोन बांधांमधला कोन.

कोन मोजायला थिओडोलाइट हवाच असे नाही. मोबाइलमधल्या होकायंत्राच्या नादी मात्र लागू नका. तारेचे कुंपण, मोटारपंप, लोखंडी खांब, काहीही जवळ असले की त्याची सुई भरकटते. टेपनेच कोन काढा. कोपऱ्यातल्या दगडापासून दोन्ही बांधांवर बरोबर १० मीटरवर एकेक खुंटी ठोका आणि त्या दोन खुंट्यांमधले अंतर मोजा. या छोट्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या आहेत, म्हणून मधून लंब टाकला की कोनाचे दोन सारखे भाग होतात. खुंट्यांमधले अंतर = २ × १० × साइन (अर्धा कोन). समजा हे अंतर १६.५८ मीटर भरले. १६.५८ ला २० ने भागले की ०.८२९ येते. ज्याचा साइन ०.८२९ तो कोन ५६ अंश, म्हणजे कोपरा ११२ अंशांचा. खुंट्यांमधले अंतर मोजताना एक सेंटीमीटरची चूक झाली तरी कोनात फरक पडतो तो साधारण सहा मिनिटांचा, म्हणजे अंशाचा दहावा भाग. शेताच्या कामाला हे पुरेसे आहे. पुढचे आकडे मी ११२ अंश धरूनच देतो. तुमच्या कोपऱ्यात जो कोन येईल तो त्या जागी घाला.

आता कोपऱ्याला क म्हणू. ८५ मीटरच्या बांधाचे दुसरे टोक अ, ६२ मीटरच्या बांधाचे टोक ब. आपल्याला हवे ते अब हे अंतर, बाभळींतले.

हे प्रत्यक्ष जमिनीवर करून बघा, म्हणजे कोसाइनचा नियम पाठ करावा लागणार नाही. ब पासून क कडे येणारी रेघ क च्या पुढे तशीच सरळ वाढवा. त्या वाढवलेल्या रेघेवर अ मधून लंब टाका. कोपरा ११२ अंशांचा, म्हणून वाढवलेल्या रेघेशी अ चा बांध ६८ अंशांचा कोन करतो. इथे काटकोन त्रिकोण तयार झाला आणि दहावीचे गणित सुरू झाले. लंबाचा पाय क पासून ८५ × कोसाइन ६८ = ३१.८४ मीटरवर पडतो, आणि लंबाची उंची ८५ × साइन ६८ = ७८.८१ मीटर येते. आता मोठा काटकोन त्रिकोण बघा. त्याची एक बाजू ६२ + ३१.८४ = ९३.८४, दुसरी ७८.८१, आणि कर्ण म्हणजे आपले अब. पायथागोरस लावला की अब = १२२.५५ मीटर.

एवढेच एका ओळीत लिहिले की कोसाइनचा नियम होतो: अब चा वर्ग = कअ चा वर्ग + कब चा वर्ग − २ × कअ × कब × कोसाइन क. कोपरा काटकोनी असता तर कोसाइन शून्य झाला असता आणि मागे उरला असता तो पायथागोरसच. कोपरा काटकोनापेक्षा मोठा झाला की कोसाइन ऋण होतो, वजातून वजा म्हणजे अधिक, आणि समोरची बाजू वाढते. कोपरा लहान असेल तर लंबाचा पाय बाहेर न पडता कब वरच पडतो आणि तेवढी लांबी वजा होते. चिन्हाचा सगळा अर्थ लंब आत पडतो की बाहेर, एवढाच आहे.

या नियमात लोक चुकतात ते नेमके या चिन्हावर. ७२२५ + ३८४४ = ११०६९ पर्यंत सगळ्यांचे बरोबर येते. पुढची रक्कम ३९४८. ती मिळवायची असते, कारण ११२ अंशांचा कोसाइन −०.३७४६ आहे. घाईत ती वजा केली तर उत्तर ८४.३८ मीटर येते. दिसायला हा आकडा अगदी खपून जाईल असा आहे, पण तो अशक्य आहे. ११२ अंशांचा कोन त्रिकोणातला सगळ्यांत मोठा कोन, मग त्याच्या समोरची बाजू सगळ्यांत मोठी असायलाच हवी, आणि ८४.३८ ही ८५ पेक्षा लहान. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, लहान कोनासमोर लहान, ही तपासणी प्रत्येक उत्तरावर करा. तिला दोन सेकंद लागतात.

क्षेत्रफळासाठी अब ची गरजही नव्हती. पाया ६२, उंची ७८.८१, अर्धा गुणाकार २४४३ चौरस मीटर. सूत्राच्या भाषेत: अर्धा × कअ × कब × साइन क. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. तेव्हा तुकडा २४.१५ गुंठ्यांचा झाला. शेतात जागा मोकळी असेल तर एक स्वतंत्र पडताळा घ्या: ब-क रेघ खरोखर ३१.८४ मीटर पुढे वाढवा, तिथे खुंटी ठोका आणि तिथून अ पर्यंत टेप लावा. ७८.८१ च्या आसपास भरले तर कोन बरोबर मोजला आहे. कोनात सहा मिनिटांची चूक असली तरी क्षेत्रात फरक पडेल तो दोन चौरस मीटरपेक्षा कमी.

राहिलेले दोन कोन साइनच्या नियमाने निघतात. हा नियमही त्याच लंबातून येतो. कुठल्याही त्रिकोणात एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकला की त्याची उंची दोन्हीकडून मोजता येते: डावी बाजू गुणिले डाव्या कोनाचा साइन, किंवा उजवी बाजू गुणिले उजव्या कोनाचा साइन. उंची एकच, म्हणून दोन्ही सारखे. यातून प्रत्येक बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन हे गुणोत्तर तिन्ही जोड्यांत एकच येते. तुमच्या तुकड्यात अ कोनासमोर ६२ मीटर आहे. ६२ × साइन ११२ भागिले १२२.५५ = ०.४६९१, कोन २७ अंश ५९ मिनिटे. उरला ब, ४० अंश १ मिनिट. इथे मी मुद्दाम आधी लहान बाजूसमोरचा कोन काढला. त्याचे कारण पुढे येते.

साइनच्या नियमाचे खरे सामर्थ्य दिसते ते पलीकडे जाता येत नाही तिथे. नदीच्या पैलतीरावर एक झाड आहे आणि तिथवर अंतर हवे आहे. अलीकडच्या काठावर ६० मीटरची रेघ मोजा. एका टोकाशी झाडाचा कोन ७२ अंश, दुसऱ्या टोकाशी ६५ अंश आला समजा. झाडापाशी उरतो ४३ अंशांचा कोन. पहिल्या टोकापासून झाड: ६० × साइन ६५ भागिले साइन ४३ = ७९.७ मीटर. दुसऱ्या टोकापासून ८३.७ मीटर. रेघेपासून झाडापर्यंतचे सरळ लंबांतर ७९.७ × साइन ७२, म्हणजे ७५.८ मीटर. नदी ओलांडावी लागली नाही.

पण इथेच थांबू नका, कारण सूत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट या उदाहरणात आहे. झाडापाशी ४३ अंशांचा भरघोस कोन मिळाला म्हणून उत्तर भरवशाचे आहे. त्या कोनात एका मिनिटाची चूक असेल तर ८० मीटरमध्ये अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. आता दुसरी मांडणी बघा: पायाची रेघ फक्त दहा-साडेदहा मीटरची आणि झाड ३०० मीटरवर. झाडापाशी कोन उरतो दोन अंशांचा. तीच एका मिनिटाची चूक आता अडीच मीटर खाऊन टाकते. सूत्र तेच, उपकरण तेच, माणूसही तोच. त्रिकोण चिंचोळा झाला आणि उत्तर पातळ झाले. मोजणीच्या पुस्तकांत म्हणूनच सांगितलेले असते की त्रिकोणातला कुठलाही कोन ३० अंशांपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा नसावा. बारकाईने हिशेब केला तर पायाकडचे दोन कोन ५६ अंश १४ मिनिटांचे असलेला समद्विभुज त्रिकोण सर्वांत चांगला ठरतो. प्रत्यक्षात समभुजाच्या जवळ जाणारा आकार धरायचा. त्यामुळे पायाची रेघ आखताना आळस करू नका. दहा मीटर जास्त चालून रेघ लांबवली तर जेवढी अचूकता मिळते, तेवढी कॅल्क्युलेटरवर दशांशस्थळे वाढवून मिळत नाही.

याच नियमावर अख्खा हिंदुस्थान मोजला गेला. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक रेघ साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्यानंतर मुख्यतः कोन. एका बाजूवरून साइनच्या नियमाने पुढच्या दोन बाजू, त्यांवर पुढचा त्रिकोण, असे टेकडीवरून टेकडीवर जात राहायचे. मध्येच कुठेतरी पुन्हा एक रेघ साखळीने मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून बघायची. मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता, तो माणसांनी वाहून टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवला. हे काम करता करताच लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला. हिंगणघाटच्या मुलांना साइनचा नियम शिकवताना हे सांगायलाच हवे असे मला वाटते. एवढ्या मोठ्या त्रिकोणांत पृथ्वीची गोलाई जाणवते आणि तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते, दर १९७ चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद, म्हणजे कोनाच्या मिनिटाचा साठावा भाग. बाजू ५० किलोमीटरच्या असतील तर साडेपाच सेकंद. त्यावर लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचा सुटसुटीत उपाय आहे: जास्तीचा भाग तिन्ही कोनांतून सारखा वजा करायचा आणि नेहमीचा सपाट साइनचा नियम लावायचा. शेताच्या मापाला यातले काही लागू नाही, पण नियम किती लांब पोचतो हे कळावे.

आता लहान बाजूसमोरचा कोन आधी का काढला, त्या राहिलेल्या कारणाकडे येतो. मुले आणि नवे सर्वेअर दोघेही ज्यात अडकतात ती जागा ही: दोन बाजू माहीत आहेत, पण माहीत असलेला कोन त्यांच्या मधला नाही. उदाहरणार्थ, एक वेगळे शेत घ्या, अक्षरेही नव्याने. अ पाशी रस्ता आणि बांध यांत ३५ अंशांचा कोन आहे. बांधावर अ पासून ८० मीटरवर ब हा दगड आहे. जुन्या कागदावर लिहिले आहे की ब पासून ५० मीटरवर रस्त्याच्या कडेला तिसरा दगड, क. तो सापडत नाही, कुठे खणायचे?

ब पाशी उभे राहून ५० मीटरची दोरी फिरवा. ब पासून रस्ता ८० × साइन ३५, म्हणजे ४५.९ मीटर लांब आहे. दोरी त्याहून थोडी मोठी, म्हणून ती रस्त्याला दोन ठिकाणी टेकते: अ पासून ४५.७ मीटरवर आणि ८५.४ मीटरवर. दोन्ही जागा कागदाशी जुळतात. एका जागेने त्रिकोण १०.४ गुंठ्यांचा होतो, दुसरीने १९.४ गुंठ्यांचा. कॅल्क्युलेटर मात्र एकच उत्तर देतो. ८० × साइन ३५ भागिले ५० = ०.९१७७, आणि उलटा साइन दाबला की ६६.६ अंश. ११३.४ अंशांचा साइनही ०.९१७७ च असतो, पण उलट्या साइनचे बटण विशालकोन कधीच दाखवत नाही. म्हणजे ४५.७ मीटरवरची जागा खणलीच जात नाही. दगड तिथे असला तर शेजाऱ्यांत नऊ गुंठ्यांचा वाद उभा राहतो, आणि तो कागदामुळे नाही, बटणामुळे.

यावर उपाय सोपा आहे. साइनवरून कोन काढला की दरवेळी स्वतःला विचारा, १८० मधून हा वजा करून येणारा कोन चालेल का? दोरी लंबापेक्षा आखूड असेल तर त्रिकोणच नाही. लंब आणि ८० यांच्या मधली असेल तर दोन त्रिकोण. ८० किंवा त्याहून लांब असेल तर एकच. दोन निघाले तर गणिताने निवड करू नका. जमिनीवर आणखी एक माप शोधा: जवळची विहीर, मैलाचा दगड, शेजारच्या गटाचा कोपरा, काहीही. कोसाइनच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण ० ते १८० अंशांत कोसाइनची प्रत्येक किंमत एकदाच येते. म्हणून तिन्ही बाजू माहीत असतील तेव्हा सगळ्यांत मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी कोसाइनने काढायचा. विशालकोन असला तर तो तिथेच उघड होतो, आणि उरलेले दोन लघुकोन आहेत याची खात्री झाली की साइन बिनधास्त वापरता येतो. तुमच्या तुकड्यात ११२ अंश आधीच हातात होते, म्हणून बाकीचे दोन लघुकोनच असणार हे ठरलेले होते. तरी लहान बाजूसमोरचा कोन आधी काढायची सवय ठेवा, ती सवय कुठल्याही त्रिकोणात वाचवते.

काटकोनाच्या अगदी जवळचा कोन साइनवरून काढू नये, हेही सांगून ठेवतो. साइन ८८ = ०.९९९४, साइन ८९ = ०.९९९८. दोघांत पूर्ण एका अंशाचे अंतर आणि आकड्यात फरक चौथ्या दशांशस्थळी. लांबीतली किरकोळ चूक तिथे कोनात फुगून बसते. अशा जागी कोसाइन वापरा. शून्याजवळच्या किंवा १८० जवळच्या कोनाला नेमके उलट: तिथे कोसाइन सपाट असतो.

तुमच्या प्रश्नातल्या हेरॉनकडे येतो, कारण शेताच्या कामात सगळ्यांत जास्त उपयोगी तोच, आणि सगळ्यांत जास्त फसवणूक त्याच्याच आसपास होते. तिन्ही बाजू टेपने मोजता येत असतील तर कोनाची गरजच नाही. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्धे करा, त्या अर्ध्यातून प्रत्येक बाजू वजा करा, आलेल्या तीन संख्या आणि ते अर्धे यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. झाले क्षेत्र.

मात्र शेते बहुधा चौकोनी असतात, आणि लोक चार बाजू मोजून आणतात. ७०, ९०, ६५, ८० मीटर, सांगा किती गुंठे! गावाकडची रीत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायची: ६७.५ × ८५ = ५७३७.५ चौरस मीटर, म्हणजे ५६.७ गुंठे. आता त्याच चार बाजू घेऊन कर्ण मोजा. कर्णाने शेताचे दोन त्रिकोण होतात, एक ७०-९०-कर्ण आणि दुसरा ६५-८०-कर्ण. कर्ण १०० मीटर भरला तर हेरॉनने ३०५९ अधिक २५९५, म्हणजे ५५.९ गुंठे. कर्ण १३० मीटर भरला तर २९९५ अधिक २०७३, म्हणजे ५०.१ गुंठे. चारही बांध तेच, लांबी तीच, आणि जवळजवळ सहा गुंठ्यांचा फरक. कोसाइनने बघितले तर ७० आणि ९० च्या मधला कोपरा पहिल्या शेतात ७६ अंशांचा आहे, दुसऱ्यात १०८ अंशांचा. त्या चार बांधांचे शेत जास्तीत जास्त ५६.५ गुंठे होऊ शकते. सरासरीने आलेले ५६.७ गुंठे त्या बांधांत मावतच नाहीत.

सरासरीची रीत नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते, कमी कधीच नाही. फक्त आयतात ती बरोबर येते. कारण वरच्या सूत्रातच आहे: प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्र अर्धा × बाजू × बाजू × साइन, आणि ती रीत चारही कोपऱ्यांचा साइन गुपचूप १ धरते, म्हणजे सगळे कोपरे काटकोनी मानते. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच या रीतीने येणाऱ्या क्षेत्राला स्थूल म्हटले होते. भास्कराचार्य तर आणखी कडक. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. ११५० च्या लीलावतीत ते म्हणतात की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे ठरावीक क्षेत्र विचारणारा पिशाच आहे, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा, कारण चौकोनाची अनिश्चितता त्यांना कळलेली नाही. मी चार बाजू घेऊन आलेल्या प्रत्येकाला परत पाठवतो ते याच कारणाने: एक कर्ण मोजून आणा. जमल्यास दोन्ही आणा, दुसरा पडताळ्याला होतो.

उताराबद्दल थोडे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आडव्या पातळीतले असते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर टेप उताराला टेकवून मोजला तर लांबी जास्त भरते. १५ अंशांच्या उतारावर टेपने भरलेले ८५ मीटर आडवे ८२.१ मीटरच असतात. टेप आडवा ताणून, खालच्या टोकाशी ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने मोजा. नाहीतर उताराचा कोन घेऊन त्याच्या कोसाइनने गुणा. तसेच कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे बघा. रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) असेल तर साइन ११२ ऋण येतो आणि क्षेत्रही ऋण. पण काही कोनांना रेडियनमध्येही धन आणि पटण्यासारखा आकडा येतो, तो जास्त घातक. साइन ३० दाबून ०.५ येतो का, एवढे आधी पाहून घ्यावे.

नेपिअरची सूत्रे तुम्हाला आज लागणार नाहीत. ती लॉगच्या कोष्टकांच्या काळातली गरज होती. कोसाइनच्या नियमात बेरीज-वजाबाकी आहे, आणि लॉग घेऊन बेरीज पुढे नेता येत नाही, फक्त गुणाकार-भागाकार नेता येतो. म्हणून दोन बाजू आणि मधला कोन दिला असता सगळे काम गुणाकार-भागाकारात आणणारी सूत्रे बसवली गेली. परीक्षेसाठी करा, सिद्धता सुंदर आहे, पण शेतात कोसाइनचा नियम आणि साधा कॅल्क्युलेटर यांनी भागते. टोटल स्टेशन नावाच्या आजच्या यंत्रात दोन दूरच्या बिंदूंमधले अंतर दाखवणारी सोय असते, तीही आत हाच कोसाइनचा नियम चालवते: यंत्रापासून दोन बिंदूंची अंतरे आणि त्यांच्या मधला कोन, म्हणजे हुबेहूब तुमचा बाभळींचा प्रश्न.

तुमच्या तुकड्यासाठी क्रम असा ठेवा. कोपऱ्याचा कोन खुंट्या लावून दोनदा काढा, एकदा १० मीटरवर, एकदा २० मीटरवर. दोन्हींत पाव अंशापेक्षा जास्त फरक आला तर बांध सरळ नाही, मध्ये कुठेतरी पोट आहे असे समजा, आणि तिथे आणखी एक बिंदू घेऊन तुकड्याचे दोन त्रिकोण करा. ओढ्याची बाजूही सरळ नसणार. अब ही सरळ रेघ धरून आलेल्या क्षेत्रात ओढ्यापर्यंतचा वाकडा पट्टा वेगळा मिळवा किंवा वजा करा. हे माप तुमच्या माहितीसाठी, पिकाच्या आणि कुंपणाच्या हिशेबासाठी पक्के आहे. शेजाऱ्याशी हद्दीचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, कारण हद्द कायम करायचा अधिकार त्यांचा आहे. त्या दिवशी तुमचे ८५, ६२ आणि कोपऱ्याचा कोन लिहिलेला कागद बरोबर ठेवा. नकाशा हातात आला की त्याच्या मापांवरून अब काढून तुमच्या आकड्याशी ताडून बघता येईल.